फॉरमॅट मारू नकोस

मिरज,
१४ जून २०२५

चि. स्वाती,


परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, धड बोलता आलं नाही. ‘मामा, त्या पोरीचा अख्खा प्रोजेक्ट माझ्या दुकानात गेला,’ हे तू तीनदा म्हणालीस. तुझा आवाज कानातून जात नाही, म्हणून रात्री बसून लिहितोय. आधी एक सांगतो. तो पेन ड्राइव्ह फॉरमॅट मारू नकोस. पोरीचं काहीही गेलेलं नाही.

बघायचं असेल तर त्या ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघड. किती जागा भरलेली आहे ते तिथे दिसेल. प्रोजेक्ट खरंच पुसला गेला असता तर ती जागा रिकामी झाली असती. तू म्हणालीस, फोल्डर दिसतात पण प्रत्येकाच्या चिन्हावर छोटासा वाकडा बाण आलाय. ते फोल्डर नव्हेतच, ते शॉर्टकट आहेत. ड्राइव्हमध्ये एक किडा शिरलाय; खऱ्या फोल्डरांना त्याने लपवलं आणि त्याच नावांचे तोतये पुढे बसवले. माणूस फोल्डर समजून क्लिक करतो, तेव्हा एका दमात दोन कामं होतात: मागे किड्याची स्क्रिप्ट चालू होते आणि पुढे खरा फोल्डरही उघडतो. त्यामुळे कुणाला संशय येत नाही. नंतर त्या मशीनला जो पेन ड्राइव्ह लागेल त्यात तो उतरतो.

तू अँटिव्हायरस चालवलास ते बरोबरच केलंस. त्याने स्क्रिप्ट काढून टाकली. पण फोल्डर लपलेलेच राहिले आणि शॉर्टकट आता नसलेल्या स्क्रिप्टकडे बोट दाखवतात, म्हणून एरर येते. नेमक्या याच वेळी लोक घाबरून फॉरमॅट मारतात, आणि मग मात्र खरोखरच जातं.

तू ‘व्हायरस’ म्हणालीस. गिऱ्हाइकाशी बोलताना मीही तेच म्हणतो. पण तू आता दुकान टाकलंयस, तुला या किड्यांच्या जातींतला फरक माहीत हवा, कारण त्यावरच इलाज ठरतो. आपल्या मळ्यातल्या आंब्यावर बांडगूळ यायचं, आठवतं? ते जमिनीत रुजत नाही. आंब्याच्या फांदीत मूळ घुसवून ते आंब्यावरच जगतं. खरा व्हायरस तसा असतो. तो दुसऱ्या प्रोग्रॅमच्या फाइलीत शिरतो आणि ती फाइल कुणी चालवली की जागा होतो.

असा एक व्हायरस मी स्वतः एका दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवर नेऊन घातला होता. हे तुझ्या मामीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. १९९९ साल होतं. संस्थेतल्या पोराने हट्ट केला म्हणून मी एका कॉपी केलेल्या सीडीवरून गेम टाकून दिला. त्या गेममध्ये सीआयएच होता. तैवानमधल्या चेन इंग-हाउ नावाच्या विद्यार्थ्याने तो १९९८ साली लिहिला होता. फाइलीच्या आत ज्या मोकळ्या जागा असतात, तिथे तो तुकड्या-तुकड्याने बसायचा, त्यामुळे फाइलीचा आकार एका बाइटनेही वाढायचा नाही. माझा अँटिव्हायरस दोन महिने अपडेट केलेला नव्हता.

२६ एप्रिलला, सोमवारी सकाळी, संस्थेचा माणूस धापा टाकत आला. मशीन चालूच होईना. त्याच तारखेला फुटायचं असं त्या व्हायरसला शिकवलेलं होतं. चेर्नोबिलची दुर्घटनाही २६ एप्रिलचीच, म्हणून लोक त्याला चेर्नोबिल म्हणायला लागले. हार्ड डिस्कचा सुरुवातीचा भाग त्याने पुसला होता आणि मदरबोर्डवरच्या बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहिला होता. पॉवरचं बटण दाबलं की पंखा फिरायचा आणि पडदा काळाच राहायचा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जाऊन चिप आणली, पण सभासदांचे हिशेब चिपमध्ये थोडेच असतात? संस्थेच्या सेक्रेटरींनी हाताने लिहिलेली रजिस्टरं जपून ठेवली होती, म्हणून वाचलो. अकरा रात्री बसून मी सगळी लिटरं आणि फॅट पुन्हा भरली. ‘चुकून झालं,’ असं मी त्यांना म्हणालो, पण कसं झालं ते सांगितलं नाही. ते सांगायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

तुझ्याकडे आलेला किडा मात्र बांडगूळ नव्हे, गाजरगवत आहे. त्याला झाड लागत नाही, जिथे माती मिळेल तिथे ते स्वतःच उगवतं. अशा किड्याला वर्म म्हणतात. तुझ्याकडच्या या किड्याला निदान कुणाचं तरी क्लिक लागतं. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ सुटला, त्याला तेवढंही लागलं नाही. विंडोजमधल्या एका भोकातून तो नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात आपोआप जात राहिला. दीडशे देशांत पोचला, ब्रिटनमधल्या हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. तो नुसता पसरत नव्हता, फाइलींना कुलूप घालून खंडणीही मागत होता. ते भोक बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. तुझ्या दुकानात अपडेटची खूण आली की तू ‘नंतर’ दाबतेस, हे मी पाहिलंय. रात्री शटर ओढताना ते चालू करून जात जा.

पुढच्याच महिन्यात ‘नॉटपेट्या’ आला आणि आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं काम त्याने ठप्प केलं. तोही खंडणी मागायचा, पण पैसे दिले तरी फाइली परत मिळण्याची सोयच त्यात नव्हती. म्हणून कुलूप पडल्यावर काय करायचं हे मला विचारू नकोस. आधीच दर शनिवारी वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी घे आणि ती डिस्क काढून कपाटात ठेव. मशीनला लावून ठेवलेल्या डिस्कलाही कुलूप पडतं.

तिसरी जात ट्रोजनची. रावण गोसाव्याच्या वेषात दारात उभा राहिला आणि भिक्षा घालायला सीतामाई आपल्या पायांनी रेषेबाहेर आली, तसा हा प्रकार. सध्या व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलन म्हणून जी ‘एपीके’ फाइल येते, ती हीच. आपण हौसेने इन्स्टॉल करतो, मागेल ती परवानगी देतो आणि बँकेचे ओटीपी ती वाचत बसते. पत्रिका बघायची तर ॲप कशाला लागेल? गिऱ्हाईक असा फोन घेऊन आलं तर आधी नेट बंद कर, मग बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावून दे. ओरडू मात्र नकोस, ते आधीच हादरलेलं असतं.

तुझ्या दुकानाची मला काळजी वाटते ती हातोहात पसरणाऱ्या किड्यांमुळे. पीसीवरचा पहिला व्हायरस, ‘ब्रेन’, १९८६ साली लाहोरमधल्या दोन भावांनी लिहिला. त्यात त्यांनी आपलं नाव, पत्ता आणि फोन नंबरही घातला होता. तेव्हा घरोघरी इंटरनेट नव्हतं. तरी फ्लॉपी हातोहात फिरत गेल्या आणि तो अमेरिकेत पोचला. तुझं काउंटर तशाच हातोहाती देवघेवीची जागा आहे. कॉलेजची पोरं, ग्रामपंचायतीचा शिपाई, कर्जाचे कागद घेऊन आलेला शेतकरी, सगळ्यांचे पेन ड्राइव्ह तुझ्या त्याच एका खाचेत लागतात. एकाचा आजार सगळ्या गावाला तिथूनच जाऊ शकतो.

म्हणून पुढच्या रविवारी मी एक जुनं मशीन घेऊन येतोय. त्यावर लिनक्स टाकलंय. तुझ्याकडे आलेला हा विंडोजचा किडा त्यावर चालत नाही, आणि पेन ड्राइव्हवर त्याने लपवलेले फोल्डर तिथे सरळ दिसतात. पेन ड्राइव्ह त्यालाच लावायचा, प्रिंट तिथूनच काढायची. फॉर्म भरायच्या मशीनला कुणाचाही ड्राइव्ह लावायचा नाही, अगदी माझासुद्धा.

पोरीचं काम मात्र तोपर्यंत थांबवू नकोस. उद्या रात्री नऊनंतर दुकानात बसून मला फोन कर. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची एक ओळ लिहायची आहे. त्यात एच, आर आणि एस या तिन्ही अक्षरांच्या आधी उणे चिन्ह हवं. मी एकेक अक्षर सांगतो, तू टाइप कर. फोल्डर परत दिसले की पोरीला बोलाव आणि तिच्यासमोरच प्रोजेक्ट उघडून दाखव.

आईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा