हुडकणारं कुणी नव्हतं

'पोशम पा' हा सिनेमा आला तेव्हा शिरोळातला चिखल अजून वाळला नव्हता. ऑगस्ट 2019. कृष्णा आणि पंचगंगेनं तालुक्याला वेढा दिलेला, नरसोबाच्या वाडीचं देऊळ पाण्यात बुडालेलं, आणि आमचं अख्खं बिऱ्हाड जयसिंगपूरला मामाकडं. दिवसा शिरोळला जाऊन घर धुवायचं, रात्री परत यायचं. अशाच एका रात्री धाकट्या भावानं मोबाईल पुढं केला. "आक्का, हे बघ. गावित मायलेकींवरचं."

आई आतून म्हणाली, "बंद करा ते. महापूर बघून पोट भरलं न्हाई व्हय?"

तिचं बरोबर होतं. अंजनाबाई गावित, रेणुका शिंदे, सीमा गावित ही नावं आमच्या घरात सिनेमाच्या किती तरी आधी आलेली. 1996 ला दिवाळीच्या आगेमागे या बायका पकडल्या गेल्या आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या आयांची झोप उडाली. पेपरात रोज नवीन काही तरी यायचं. देवळं, एसटी स्टँड, जत्रा अशा गर्दीतून पोरं उचलायची, चोऱ्या करताना ती काखेत ठेवायची, कारण कडेवर लेकरू असलेल्या बाईवर कुणी हात टाकत नाही. पोर मोठं झालं, रडायला लागलं, अडचणीचं झालं की मारून टाकायचं. 1990 ते 1996 या काळात 13 मुलं पळवल्याचा आणि त्यांतली 9 मारल्याचा आरोप होता. पहिलं पोर कोल्हापुरातल्या एका भिकारणीचं. महालक्ष्मीच्या देवळात चोरी करताना सीमा सापडली, तेव्हा लोकांचं लक्ष उडवायला अंजनाबाईनं त्यालाच जमिनीवर आपटलं. रक्त बघून लोक कळवळले आणि चोर सुटले. त्या पोराला नंतर मारलं.

त्याच वर्षी डिसेंबरात दत्तजयंतीला आम्ही वाडीला गेलो. मी सहावीत, भाऊ दोन वर्षांचा. आई दर्शनाच्या रांगेत, आणि मी त्याला कडेवर घेऊन पेढ्याच्या दुकानांपाशी उभी. उन्हानं आणि गर्दीनं तो रडायला लागला. बघता बघता चार-पाच बायका माझ्याभोवती गोळा झाल्या.

"कुणाचं गं हे पोरगं?"

"माझा भाऊ."

"मग तुझ्यासारखं दिसत न्हाई ते? गोरं हाय की."

एकीनं त्याला माझ्याकडून घेण्यासाठी हात पुढं केला. मी घट्ट धरला, तसा तो जास्तच रडला, आणि तोच जणू पुरावा झाला. "आईचं नाव काय? गाव कुठलं? गल्ली कुठली?" मी सगळं सांगितलं, आणि सांगताना मलाच वाटायला लागलं की आपण काही तरी लपवतोय. शेवटी आमच्या गल्लीतल्या एक काकू दिसल्या आणि त्या म्हणाल्या, "अगं, आपल्याच हैत ही पोरं." बायका पांगल्या. एकीनं जाताना माझ्या हातावर कवठाची बर्फी ठेवली. त्या बायकांचा राग मला तेव्हा आला होता, आता येत नाही. त्यांनी जे केलं ते सहा वर्षं कुणीच केलं नव्हतं: रडणारं पोर बघून विचारलं, हे कुणाचं?

पुढं कोल्हापूरला होस्टेलवर असताना मला थरारपटांचं वेड लागलं. 'सेव्हन' मी कॉम्प्युटरवर किती तरी वेळा बघितला. कायम पाऊस, कायम अंधार, म्हातारा मॉर्गन फ्रीमन आणि तापट ब्रॅड पिट. मैत्रिणी शेवटच्या खोक्याबद्दल बोलायच्या. मला मात्र ग्रंथालयाचा प्रसंग धरून ठेवायचा: कुणी कुठली पुस्तकं नेली त्या यादीवरून पोलीस खुन्याच्या दारापर्यंत पोचतात. पकडत मात्र ते नाहीतच. तो स्वतः चालत ठाण्यात येतो. इतका गाजलेला शोधपट, आणि त्यातली खरी शोधाशोध म्हणजे एक यादी वाचणं.

आपल्याकडंही तसंच. 1968 ला मुंबईत रामन राघव हा खुनी सापडला तो वर्णन डोक्यात ठेवून फिरणाऱ्या ॲलेक्स फियालो या फौजदाराला, रस्त्यात. त्या तपासाची धुरा सांभाळणारे रमाकांत कुलकर्णी पुढं मानवतच्या खुनांसाठीही गेले. त्यांच्यावर मालिका निघाली, निघायलाच हवी होती.

'पोशम पा' बघताना म्हणूनच मी अस्वस्थ झाले. त्यात पाठलाग नाही. तुरुंगातल्या बहिणींना माहितीपट करणारे भेटायला जातात आणि आई कशी होती ते उलगडत जातं. माही गिल आणि सयानी गुप्ता चांगलं काम करतात. भाऊ मधेच म्हणाला, "ह्यात पोलीस कुठायत?" तो विनोद करत होता, पण खऱ्या गोष्टीतही पोलीस फार उशिरा येतात. एक पोर कोल्हापुरात हरवलं, दुसरं दुसऱ्याच शहरात. प्रत्येक ठाण्यात 'मिसिंग'ची एक नोंद, आणि त्या नोंदी शेजारी शेजारी ठेवणारं कुणी नाही. गरिबाचं पोर हरवलं की ते जत्रेत चुकलं, एवढ्यावर मिटायचं. हरवलेल्या प्रत्येक मुलासाठी गुन्हा दाखल करा, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं ते 2013 ला. गावित प्रकरण फुटलं तेही घरातूनच. अंजनाबाईला सोडून गेलेल्या नवऱ्याच्या दुसऱ्या बायकोची मुलगी नाशिककडं नाहीशी झाली आणि त्या आईनं संशय कुणावर ते सांगितलं. मग रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार झाला आणि बाकीची पोरं उजेडात आली.

या साऱ्याला न्याय देणारा सिनेमा मला सापडला तो कोरियाचा, बोंग जून-हो यांचा 'मेमरीज ऑफ मर्डर', 2003 चा. खेड्यातले हवालदार, आमच्या घालवाड-कुटवाडसारखी ओली शेतं, आणि तपास म्हणजे मारहाण, अंदाज आणि चुका. खुनी सापडत नाही. गंमत अशी की त्याच 2019 च्या सप्टेंबरात डीएनएवरून खरा माणूस कळला, आणि तो दुसऱ्याच खुनासाठी 1994 पासून तुरुंगात होता. तिथंही उत्तर आधीपासून सरकारच्याच ताब्यात होतं.

अंजनाबाई निकालाआधीच मेली. दोघी बहिणींना कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं 2001 मध्ये फाशी सुनावली, 2006 ला सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, 2014 ला राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. त्या अर्जावर सरकारनं जवळजवळ आठ वर्षं घालवली म्हणून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. भावानं बातमी पाठवली आणि खाली लिहिलं, "फायलीनं वाचवलं." मी त्याला उत्तर दिलं की सहा वर्षं त्यांना मोकळं सोडलं तेही फायलींनीच.