मऊ भागांचं म्हातारपण

उघड्या टपाच्या गाडीचं सुख वाऱ्यात आहे, असं बघणाऱ्याला वाटतं. चालवणाऱ्याला ते तळहातात आणि पाठीच्या कण्यात कळतं. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ तर त्यासाठीच घडवली गेली. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. जन्म हिरोशिमाचा, पण ओढ साठच्या दशकातल्या लोटस इलानसारख्या हलक्या ब्रिटिश गाड्यांची. घोडा आणि स्वार एकजीव व्हावेत, ‘जिनबा इत्ताइ’, ही जपानी कल्पना तिच्या निर्मात्यांनी उराशी धरली होती.

माझी एमएक्स-५ इंग्लंडच्या पावसात म्हातारी होते आहे. सिग्नलला उभं असताना आरशातली मागची गाडी थरथरून दुहेरी दिसू लागली, क्लच सोडताना गिअरचा दांडा हिसका देऊ लागला, तेव्हा मी खाली वाकून इंजिनाची माउंटिंग पाहिली. रबर दबून बसलं होतं, कडेने लोखंडापासून सुटलं होतं.

या रबराचे कष्ट कुणाच्या ध्यानात येत नाहीत. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी जागेवर उभी असताना मिनिटाला साडेआठशेच्या आसपास फेरे, म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस धक्के. ते झेलायला इंजिनाच्या दोन बाजूंना दोन माउंटिंग. दोनच! मागच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत गिअरबॉक्सखाली आणखी एक आधार असतो. इथे गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत ॲल्युमिनियमची लांब चौकट जाते आणि ती सगळी रांग एकसंध होते. गिअर टाकताना जो नेमका, खटकेबाज स्पर्श मिळतो, त्यात या चौकटीचा वाटा मोठा. पण म्हणूनच पुढचं रबर बसलं की सगळी रांगच किंचित कलते.

किलोमीटर मोजून रबराचं वय कळत नाही. उष्णता आणि हवेतला ऑक्सिजन त्याचा लवचीकपणा खातात, ओझोन त्याला चिरा पाडतो, टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून झिरपलेलं तेल त्याला फुगवून ढिलं करतं. गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली गाडीही यातून सुटत नाही. होसपाइप, बुश, दारांची रबरं, सगळ्यांची हीच कथा. मला वाटतं, जुनी गाडी आधी तिच्या मऊ भागांनी म्हातारी होते. लोखंडाची पाळी नंतर येते. तीही अनेकदा टपाशीच सुरू होते. टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्याने तुंबल्या की ओल आत साचते आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून गंजतो. टपाची मागची प्लॅस्टिकची काच तर आणखी नाजूक. चेन उघडून तिला सपाट निजवल्याशिवाय टप पाडू नये, थंडीत मुळीच नाही.

माउंटिंग बदलणं अवघड नाही, पण घाईचं काम नव्हे. गाडी भक्कम स्टँडवर घ्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. ऑइल सम्पखाली जाड फळी ठेवून जॅकने इंजिन जेमतेम उचलायचं, रेडिएटरचे होस आणि वायर ताणल्या जात नाहीत ना यावर नजर ठेवायची, आणि एका वेळी एकच बाजू सोडायची.

शर्यतीचे शौकीन पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग घालतात. इंजिन हलत नाही हे खरं, पण ते अठ्ठावीस धक्के सरळ पत्र्यात उतरतात. रोज रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीवर हा अन्याय आहे. घोड्याचा श्वास स्वाराला जाणवावा, त्याने स्वाराची हाडं खिळखिळी करू नयेत.

तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर मूळ जातीचं रबरच घ्या. दोन्ही बाजूंची रबरं एकाच खेपेत बदला, तेलाची गळती त्याआधी बंद करा, आणि इंजिन स्वतःच्या वजनाने टेकल्यावरच नट शेवटचे आवळा.