चुंबळ

हायडेलबर्गच्या जुन्या पुलावरून नेकार नदी ओलांडली की समोरच्या डोंगरावर चढणारी एक अरुंद दगडी वाट लागते. तिच्या जर्मन नावाचा अर्थ सापवाट. वर ती तत्त्वज्ञांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या रस्त्याला मिळते. 2017 च्या ऑक्टोबरात, ओल्या पानांनी झाकलेल्या तिच्या पायऱ्या उतरताना मी पडले. तेथील विद्यापीठात मराठी भक्तिसाहित्यावर व्याख्याने देण्यासाठी मी गेले होते. गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्यभर खंडोबा, बिरोबा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेचा अभ्यास केला, तो याच विद्यापीठात राहून. ते 1992 मध्ये निवर्तले. पण त्यांच्या कामामुळे माझे माणदेशी माहेर कोठे आहे हे तेथे फारसे समजावून सांगावे लागत नसे.

मानेच्या दुसऱ्या मणक्याला तडा गेला होता. हाड जागचे हलले नव्हते म्हणून शस्त्रक्रिया टळली आणि बारा आठवड्यांसाठी गळ्यात कडक पट्टा आला. मोडली ती मान आणि नदीचे नाव नेकार, यावर इंग्रजी जाणणाऱ्या मित्रांनी केलेल्या विनोदाला मला मान डोलावून दादही देता येईना.

खरा आजार सुरू झाला तो पट्टा निघाल्यावर. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण चार ते पाच किलो असते, हे तोवर मला कधी जाणवलेच नव्हते. उशीवरून डोके उचलायचे तर दोन्ही हातांनी आधार द्यावा लागे. कोणी हाक मारली तर सगळे अंग घेऊन वळावे लागे. पुस्तकावर मान झुकवली की पाच मिनिटांत ओळी हलू लागत. चाळीस वर्षे मी मान मोडून वाचले, असे आपण सहज म्हणतो. आता वाचन उरते की जाते, या विचाराने रात्री झोप लागत नसे.

फेब्रुवारी 2018 मध्ये मला एका उपचारकेंद्रात धाडण्यात आले. आठवड्याचे पाच दिवस, सकाळपासून दुपारपर्यंत, असे तीन आठवडे. 1994 च्या कायद्याने तिकडे या व्यवसायाला ‘फिजिओथेरपी’ हे नाव मिळाले. पण वृद्ध रुग्ण अजून ‘क्रांकेनग्युम्नास्टिक’ म्हणजे आजाऱ्यांची कसरत असेच म्हणतात, आणि तेच मला अधिक प्रामाणिक वाटले. माझ्यावर उपचार करणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. ती मानेखाली हवेची एक लहानशी पिशवी ठेवी, तिच्यातला दाब पाऱ्याच्या 20 मिलिमीटरवर आणी आणि म्हणे, “आता सर्वांत लहान ‘हो’ म्हणा.” हनुवटी किंचित आत ओढून काटा 22 वर न्यायचा, दहा सेकंद तेथे राखायचा, मग 24, मग 26, असे करत 30 पर्यंत. पहिल्या आठवड्यात 24 च्या पुढे मी गेले नाही. जोर लावला की ती लगेच थांबवी. जोराने म्हटलेला होकार तिच्या उपयोगाचा नव्हता. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातला जालंधरबंध मी कित्येक वर्षे वर्गात शिकवला होता. हनुवटी कंठाकडे नेणे ही क्रिया वेगळी, हेतूही वेगळा. पण ती वर्णने लिहिणाऱ्याला गळ्याच्या आतले स्नायू ओळखीचे होते, एवढे मला तेथे उताणे पडून पटले.

तिने मला प्लास्टिकचे मणके हातात घेऊन दाखवले. कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात होकाराची मान हलते. पहिल्या आणि दुसऱ्या मणक्याच्या सांध्यात नकाराची. म्हणजे माझा तडा नकाराच्या जागी गेला होता. समीक्षकाला याहून योग्य दुखापत सुचवणे अवघड आहे.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझ्या डोक्यावर अर्ध्या किलोची वाळूची पिशवी ठेवली आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला सांगितले. पिशवी घसरे. तेव्हा मी न विचारताच गळ्यातला रुमाल काढला, पीळ देऊन त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि तिच्यावर पिशवी. पिशवी राहिली. “हे कोठे शिकलात?” तिने विचारले. मी शिकले नव्हते, पाहिले होते. 1972 च्या दुष्काळात गावची विहीर आटली तेव्हा आई पहाटे दोन हंडे एकावर एक घेऊन दूरच्या विहिरीवर जाई. मी तेव्हा सातवीत होते. मी शिकावे म्हणून तिने माझ्या डोक्यावर हंडा कधी येऊ दिला नाही. तिच्या ताठ मानेचे कौतुक करण्याचा मोह आता होतो. पण म्हातारपणी ती मान रात्रभर दुखत असे, आणि पाणी आणण्याशी त्या दुखण्याचा संबंध असेल, हे मी 2009 मध्ये ती जाईपर्यंत मनात आणले नाही.

कोशकार सांगतात, मानेची ‘मान’ संस्कृत ‘मन्या’पासून आली आणि सन्मानाचा ‘मान’ वेगळा. व्युत्पत्ती बिनचूक आहे. आईला ती पटली नसती.

त्या खोलीत मला आणखी एक गोष्ट आठवली, ती तितकी सुखद नव्हती. 1989 मध्ये एका कवयित्रीच्या पहिल्या संग्रहावर लिहिताना मी म्हटले होते की डोईवरचा हंडा ही प्रतिमा घासून गुळगुळीत झाली आहे. आता तो खाली ठेवावा. वाक्य ठसकेबाज होते, पुष्कळांनी ते उद्धृतही केले. तिचा दुसरा संग्रह आला नाही. तो माझ्यामुळेच आला नाही असे समजणे हाही एक अहंकारच. तरी परतल्यावर मी तो संग्रह पुन्हा वाचला. प्रतिमा जुनीच होती. पण तिच्या कवितेत हंडा उचलण्याचा क्षण नव्हता, उतरवल्यानंतर मान काही वेळ हलत नाही तो क्षण होता. तो मी वाचलाच नव्हता. संग्रहावरच्या पत्त्यावर मी पत्र लिहिले. पोस्टमनच्या शेऱ्यासह ते परत आले: या नावाचे कोणी येथे राहत नाही.

मान डावीकडे अजून पूर्ण वळत नाही. रोज सकाळी, वाळू नाही म्हणून, एक किलो ज्वारीची पुरचुंडी चुंबळीवर ठेवून मी घराच्या ओट्यावर दहा फेऱ्या घालते.