पाचगणीचा विद्यार्थी, माँत्रोचा पुतळा

वाईहून पसरणीचा घाट चढून गाडी पाचगणीत शिरली की थंड हवेची पहिली झुळूक अंगाला लागते. सिल्व्हर ओकची उंच झाडे, जुने बंगले, लाल माती आणि जागोजागी निवासी शाळांची फाटके. पर्यटक टेबल लँडवर घोड्यावरून फेरी मारतात, पारशी पॉइंटवरून कृष्णेचे खोरे पाहतात आणि स्ट्रॉबेरी घेऊन महाबळेश्वरच्या रस्त्याला लागतात. सेंट पीटर्स स्कूलपाशी मुद्दाम थांबणारे थोडेच. 1950 च्या दशकात या शाळेच्या वसतिगृहात फारुख बुलसारा नावाचा एक पारशी मुलगा राहत होता. पुढे जगाने त्याला फ्रेडी मर्क्युरी या नावाने ओळखले.

समुद्रापलीकडचा मुलगा

फारुखचा जन्म 5 सप्टेंबर 1946 चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावरचा. वडील बोमी बुलसारा तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. घराणे मूळचे गुजरातचे. आडनावही बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून आईवडिलांनी आठ वर्षांच्या फारुखला समुद्र ओलांडून पाचगणीला पाठवले. मोठ्या सुट्टीतही दर वेळी घरी जाणे शक्य नसे. मग मुंबईतल्या नातेवाइकांकडे राहायचे आणि सुट्टी संपली की पुन्हा घाट चढायचा.

वरच्या जबड्यात जास्तीचे दात असल्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले, म्हणून मुले त्याला ‘बकी’ म्हणून चिडवत. ‘फ्रेडी’ हे नावही शाळेतल्या सवंगड्यांनीच दिलेले. तो इथे पियानो शिकला आणि बाराव्या वर्षी चार मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ हा वाद्यवृंद काढला. गंमत म्हणजे त्यात मुख्य गायक तो नव्हताच. तो पियानोवर असे. शाळेच्या समारंभात हा लाजाळू मुलगा पियानोपुढे बसला की वेगळाच होऊन जाई.

घर सुटले

1963 मध्ये तो झांजिबारला परतला. पण घरचे सुख फार दिवस लाभले नाही. जानेवारी 1964 मध्ये तिथे क्रांती झाली. रक्तपात झाला आणि हजारो अरब व भारतीय कुटुंबांना बेट सोडावे लागले. बुलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टहॅममध्ये एका साध्या घरात येऊन राहिले.

फ्रेडीने ईलिंग येथील कला महाविद्यालयात ग्राफिक कलेचे शिक्षण घेतले. 1970 मध्ये गिटारवादक ब्रायन मे आणि ड्रमवादक रॉजर टेलर यांच्याबरोबर त्याने ‘क्वीन’ची स्थापना केली, पुढच्या वर्षी जॉन डीकन त्यांना येऊन मिळाला. गटाचे बोधचिन्ह फ्रेडीनेच रेखाटले. 1975 मध्ये त्याने रचलेले ‘बोहेमियन रॅप्सडी’ आले. सुमारे सहा मिनिटांचे, ऑपेरा आणि रॉक एकत्र गुंफणारे हे गाणे रेडिओसाठी फार लांब आहे, असे जाणकारांचे मत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. 13 जुलै 1985 ला वेम्बली स्टेडियमवर, इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात सुमारे 72 हजार लोक त्याच्या इशाऱ्यावर टाळ्या देत होते.

मुलाखतींत मात्र तो झांजिबार आणि पाचगणीविषयी फारसे बोलत नसे.

सरोवराकाठी

स्वित्झर्लंडला जाणाऱ्यांनी जिनिव्हाहून आगगाडीने माँत्रोला जरूर जावे. प्रवास तासाभराचा. एका बाजूला जिनिव्हा सरोवर, दुसऱ्या बाजूला उतरणीवरचे द्राक्षमळे, समोर आल्प्सची शिखरे. 1967 पासून इथला जाझ महोत्सव प्रसिद्ध आहे. ‘क्वीन’ने 1978 मध्ये इथल्या कॅसिनोतील माउंटन स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले आणि पुढच्याच वर्षी तो स्टुडिओ विकत घेतला.

आरंभी हे गाव फ्रेडीला फारच शांत वाटे. पण आजारपणात तीच शांतता त्याला हवीशी झाली. लंडनमध्ये वार्ताहर दारात ठाण मांडून असत; इथे कुणी पाठलाग करत नसे. 1991 च्या मे महिन्यात, उभे राहण्याचेही त्राण उरले नसताना, त्याने इथे शेवटची गाणी गायली. आता त्या जागी छोटे संग्रहालय आहे. 2013 मध्ये ते लोकांसाठी उघडले.

23 नोव्हेंबर 1991 रोजी आपल्याला एड्स झाल्याचे त्याने जाहीर केले आणि या रोगाविरुद्धच्या लढ्यात साथ देण्याचे आवाहन केले. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय अवघे 45. तेव्हा या रोगाचे नाव घेतानाही लोक आवाज खाली करत. त्याच्या स्मरणार्थ 1992 मध्ये वेम्बलीवर मैफल झाली, तिच्या उत्पन्नातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला. ही संस्था अनेक देशांत एड्सविरोधी कामाला पैसा पुरवते.

फुले कुठे वाहायची?

आयुष्यभर भपकेबाज कपड्यांत वावरलेल्या या गायकाचे अंत्यविधी पारशी पुरोहितांनी केले. दहनानंतर अस्थी कुठे ठेवल्या, हे त्याच्या इच्छेनुसार गुप्तच राहिले. चाहत्यांना फुले वाहायला समाधी नाही. पुतळ्यासाठी लंडनमध्ये जागा मिळेना, तेव्हा तो 25 नोव्हेंबर 1996 रोजी माँत्रोमध्ये उभा राहिला. शिल्पकार इरेना सेड्लेच्का यांनी घडवलेला, सुमारे 10 फुटी ब्राँझचा फ्रेडी एक हात उंचावून सरोवराकडे पाहतो. पायाशी फुले असतात, चिठ्ठ्या असतात.

नंतर बाकीच्या गावांनीही त्याला आपले म्हटले. फेल्टहॅमला 2009 मध्ये त्याचे स्मारक झाले, तेव्हा वृद्ध आई जेर स्वतः हजर होत्या. झांजिबारमध्ये 2019 साली संग्रहालय निघाले.

पाचगणीत पारशी पॉइंटवर उभे राहिले की आज खाली धोम धरणाचे पाणी चमकते. धरण नंतरचे, फ्रेडीच्या वेळी तिथे नुसते खोरे होते. आईपासून हजारो मैल दूर राहणारा, दातांवरून चिडवला जाणारा एक मुलगा या डोंगरावर पियानोच्या आधाराने उभा राहायला शिकला. माँत्रोच्या पुतळ्याचा तो उंचावलेला हात पाहताना, त्या हाताने पहिले सूर पाचगणीच्या शाळेत धरले होते, हे मराठी प्रवाशाने आठवावे.