काशीला उतरायचं कुठं?

मैत्रिणींनो, काशीला जायचं ठरलं की गाडीची तिकिटं मिळतात, यजमानांची रजा मिळते, तुळशीला पाणी घालायची सोयसुद्धा शेजारी होते. अडतं ते एकाच ठिकाणी. उतरायचं कुठं?

पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. घराण्याचे क्षेत्रोपाध्याय ठरलेले असत, त्यांच्याकडे नाहीतर धर्मशाळेत पथारी पडे. आता मोबाईल उघडला की दशाश्वमेधाच्या आसपासचीच शेकडो हॉटेलं समोर येतात आणि प्रत्येकाखाली येऊन गेलेल्यांचे अभिप्राय. एक बाई लिहितात, “साक्षात स्वर्ग! खिडकीतून गंगामाई.” लगेच खाली दुसरे गृहस्थ लिहितात, “चुकूनही जाऊ नका, आईला पाठीवर न्यायची वेळ आली.” हॉटेल तेच, महिनाही तोच. मग आपण गोंधळतो आणि शेवटी यजमान म्हणतात, “तारे बघ आणि पैसे भरून टाक.”

तारे बघायला हरकत नाही, पण जरा हिशेब करून बघा. शंभरांतल्या ऐंशी जणांनी पाच तारे दिले आणि वीस जणांनी एकच, तर सरासरी येते ४.२. दुसरीकडे ऐंशी जणांनी चार दिले आणि वीस जणांनी पाच, तरी सरासरी ४.२ च! आकडा एक, पण पहिल्या ठिकाणी पाचांतला एक माणूस कपाळाला हात लावून परतलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीही नाराज नाही. म्हणून सरासरीच्या शेजारी किती जणांनी किती तारे दिले याच्या ज्या पट्ट्या असतात, त्या आधी बघाव्यात. आणि बारा जणांच्या ४.८ पेक्षा नऊशे जणांच्या ४.२ वर मी तरी जास्त भरवसा ठेवीन.

आता ते स्वर्गवाले आणि पाठीवरवाले. गंमत अशी की दोघंही खरं बोलत असतात. काशीचे घाट गंगेच्या पश्चिम तीरावर, पूर्वेकडे तोंड करून आहेत. म्हणून घाटावरच्या खोलीतून सूर्योदय दिसतो तो खरोखर डोळ्यांचं पारणं फेडणारा. पण घाटाला लागून असलेले वाडे जुने, त्यांच्यापर्यंत जाणाऱ्या गल्ल्या दोन माणसं आणि एक गाय एकदम मावणार नाहीत अशा. मोटार तिथं जात नाही, रिक्षाही नाही. गोदौलियाच्या चौकात किंवा त्याच्याही अलीकडे उतरायचं आणि पुढं सामानासकट पायी. वाड्यात लिफ्ट असेलच असं नाही, आणि गंगा दिसणारी खोली बहुधा वरच्याच मजल्यावर. पंचविशीतल्या जोडप्याला यात मौज वाटते. गुडघे धरलेल्या सासूबाईंना हीच मौज शिक्षा होते. तेव्हा अभिप्राय वाचताना आधी लिहिणारा कोण आहे ते पाहावं. “आम्ही दोघं”, “मित्रांबरोबर”, “आईवडिलांना घेऊन” असे शब्द त्यात असतातच. आपल्यासारखं बिऱ्हाड घेऊन गेलेल्या चौघांचे अभिप्राय बाकीच्या चाळीसांपेक्षा कामाचे.

दुसरी गोष्ट महिन्याची. काशी ही प्रत्येक ऋतूत वेगळी असते, बरं का! श्रावण-भाद्रपदात गंगा चढते. घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर चालत जाण्याची वाट बंद होते, नावा थांबवतात, संध्याकाळची आरतीसुद्धा मग घाटावरून हलवून वर गच्चीवर करतात. त्या दिवसांत गेलेला माणूस “घाट दिसलाच नाही, पैसे फुकट” असं लिहिणार. ते हॉटेलाचं पाप नव्हे. पाणी ओसरलं की घाटांवर गाळाचे ढीग असतात, तेव्हाचा माणूस घाणीबद्दल लिहील. डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं, गाड्यांना तासन्‌तास उशीर आणि हाडं गोठवणारी थंडी. त्या काळात “गीझर चालत नव्हता” ही तक्रार पाच जणांनी केली असेल तर ती गंभीर समजावी. मे महिन्यात गीझरबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, तेव्हा सगळी हाकाटी ए.सी.ची. म्हणून आपण ज्या महिन्यात जाणार, त्याच महिन्यातले मागच्या एक-दोन वर्षांचे अभिप्राय काढून वाचावेत. वेळ लागतो, पण तांदूळ निवडायला बसतोच ना आपण?

आणि वर्षही पाहावं. काशी विश्वनाथाच्या मंदिराभोवतीची वस्ती गेल्या काही वर्षांत पार बदलली. आपल्या अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये बांधलेलं देऊळ तेच आहे, पण १३ डिसेंबर २०२१ ला कॉरिडॉर खुला झाला आणि गंगेपासून देवळापर्यंत मोठं प्रशस्त आवार झालं. मधल्या कितीतरी गल्ल्या आणि घरं गेली. २०१८ सालच्या कोणी “देवळाशेजारी, पण गल्लीत वाट चुकते” असं लिहिलं असेल तर ती गल्ली आज जागेवर असेल याची खात्री नाही.

“स्टेशनपासून जवळ” या शब्दांवर तर मुळीच विसंबू नका. कुठलं स्टेशन? वाराणसी जंक्शन म्हणजे लोक ज्याला कँट म्हणतात ते एक. पूर्वीचं मंडुआडीह, ज्याचं नाव २०२१ पासून बनारस झालं, ते दुसरं. आणि मुगलसराय, म्हणजे २०१८ पासूनचं पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, ते तर गंगेच्या पलीकडे. आपली गाडी कुठल्या स्टेशनावर थांबते ते तिकिटावर पाहून मग अंतर मोजावं. तसंच “देवळापासून पाच मिनिटं” हे अंतर लिहिणाऱ्याच्या पायांवर अवलंबून असतं. त्यांची पाच मिनिटं म्हणजे आपल्या सासूबाईंची वीस, आणि मध्ये दोनदा ओट्यावर टेकणं.

काही तक्रारी अशा असतात की त्या वाचून आपला बेत पक्का व्हावा! दक्षिणेकडच्या अस्सी घाटावर रोज पहाटे ‘सुबह-ए-बनारस’ होतं. आरती, मंत्र, मग शास्त्रीय गायन-वादन. तिथल्या एका हॉटेलाबद्दल मी दोन अभिप्राय वाचले. एक, “पहाटे लाऊडस्पीकरने झोपमोड, एक तारा.” दुसरा, “अंथरुणात पडल्या पडल्या आरती ऐकली, पाच तारे.” आमच्या सासूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चारलाच उठून जप करणाऱ्या. त्यांना झोपमोडीचं काय? आम्ही तेच हॉटेल घेतलं. अस्सीवर गाडी घाटाच्या बऱ्यापैकी जवळ जाते, हे त्याहून मोठं कारण. दशाश्वमेध तिथून अडीच-तीन किलोमीटर लांब पडतो, रोजचा रिक्षाचा खर्च वाढतो, हे कबूल. पण गंगा बघायची ही त्यांची चाळीस वर्षांची इच्छा. ती खोलीच्या जिन्यावर बसून पुरी व्हायला नको होती. जुन्या नळांची तक्रारही तिथं तिघा-चौघांनी केली होती आणि ती अगदी खरी निघाली. बादलीत पाणी काढून आंघोळी केल्या, इतकंच.

मणिकर्णिकेच्या आणि हरिश्चंद्र घाटाच्या बाजूला हॉटेल असेल तर “धूर येतो, वास येतो” असं कोणी ना कोणी लिहिलेलं असतंच. मणिकर्णिकेवर रात्रंदिवस चिता जळतात, तेव्हा ही तक्रार खोटी कशी म्हणणार? घरातल्या वडीलमाणसांना तिथं काही वावगं वाटणार नाही, उलट हात जोडतील. पण बरोबर सात-आठ वर्षांचं पोर असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. माकडांचंही तसंच. “गॅलरीला लोखंडी जाळी, तुरुंगात बसल्यासारखं वाटतं” असं वाचलं की मी म्हणते, चला, शहाणा मालक दिसतो! जाळी नसती तर वाळत घातलेलं लुगडं आणि टेबलावरचा चष्मा दोन्ही गच्चीवरून गेलेच म्हणून समजा.

फार गोड अभिप्रायांकडे मात्र जरा बारीक डोळ्यांनी पाहावं. आठ दिवसांत पंधरा जण येतात, सगळे पाच तारे देतात, दोन ओळी लिहितात आणि त्यांत एकाच नोकराचं नाव घेऊन त्याचं कौतुक करतात. असं दिसलं की निघताना काउंटरवरच लिहून घेतलेलं असण्याचा संभव अधिक. ते खोटंच असतं असं नाही, भिडेपोटी लिहिलेलं असतं. आपणही हळदीकुंकवाला गेलं की खिरापत चांगली झाली म्हणतोच! पैसे देऊन लिहवून घेणारेही आहेत. २०२२ साली भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आय.एस. १९००० नावाचं मानक काढलं, लिहिणारा खरा की खोटा हे पडताळण्याच्या रीती त्यात सांगितल्या. पण ते पाळणं ऐच्छिक म्हणून आलं. तेव्हा आपली चाळणी आपल्याच हातात.

मला विचाराल तर खरं सोनं तीन ताऱ्यांच्या अभिप्रायांत असतं. पाचवाला भारावलेला, एकवाला चिडलेला. तीनवाला बिचारा शांतपणे सांगतो, “चादरी स्वच्छ, जेवण बेताचं, लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच, मागच्या खोल्यांना खिडकी नाही.” खोलीचा नंबर किंवा बाजू सांगितली असेल तर ती टिपून ठेवा. एकाच हॉटेलात गंगेकडची खोली आणि भिंतीकडची खोली म्हणजे दोन वेगळी हॉटेलं असतात, आणि अर्धी भांडणं त्यातूनच झालेली दिसतात. एक झुरळ एकाला दिसलं तर सोडून द्या, जुनं गाव आहे. पण ढेकणाचं नाव दोघांनी वेगवेगळ्या महिन्यांत घेतलं तर त्या हॉटेलाचं नाव यादीतून खोडा. फोटो बघायचे ते येऊन गेलेल्यांनी काढलेले, हॉटेलवाल्यांचे नव्हेत. त्यात बाथरूमचा असेल तर तो आधी.

मालकाची उत्तरंही वाचावीत. तक्रारीखाली “आपण खोटं बोलता, आमच्याकडे असं होतच नाही” असं लिहिणारा मालक आपण अडचणीत सापडलो तर काय करील ते कळतंच. “त्या दिवशी मोटार जळाली होती, दुसरी बसवली” असं लिहिणारा परवडला.

एवढं झालं की दोन-तीन नावं उरतात. मग पैसे भरायच्या आधी सरळ फोन करावा आणि तो दुपारी करावा, कारण सकाळी खोल्या रिकाम्या होण्याची गडबड असते. यजमानांना करू देऊ नका, ते “सगळं ठीक आहे ना?” असं विचारतात आणि पलीकडून “बिल्कुल ठीक है” येतं. आपण नेमकं विचारावं. गाडी जिथं थांबते तिथून दारापर्यंत किती पावलं? वाटेत पायऱ्या किती? सामान घ्यायला माणूस येईल का, आणि त्याचे पैसे वेगळे का? तळमजल्यावर किंवा लिफ्ट जाते त्या मजल्यावर खोली मिळेल का? कमोड आहे का? गाडी पहाटे पोहोचत असेल आणि खोली दुपारी मिळणार असेल, तर तोवर वडीलमाणसांना पाठ टेकायला जागा द्याल का? उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागवावीत आणि खोलीचा नंबरही त्यातच घ्यावा. आयत्या वेळी बेत रद्द झाला तर पैसे किती परत मिळतात, तेही वाचून घ्यावं. म्हातारी माणसं बरोबर असली की हे कलम लागतंच.

देवदिवाळीला, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेला जाणार असाल तर यातलं निम्मं विसरा. त्या रात्री सगळे घाट पणत्यांनी उजळतात, भाडी काही पटींनी चढतात आणि कित्येक महिने आधी खोल्या भरतात. तेव्हा मिळेल ती खोली आपली. फक्त ती किती पायऱ्यांवर आहे, एवढं मात्र तेव्हाही विचारा.