आजोबांची बंदूक

शिक्षकाच्या घरीं पुस्तकें असावींत हें स्वाभाविक आहे. बंदूक असावी हें तितकेंसें स्वाभाविक नाहीं. तथापि माझ्या घरीं ती आहे, आणि गेल्या उन्हाळ्याची माझी सारी सुटी तिच्याविषयींच्या एका प्रश्नांत सरली. प्रश्न इतकाच कीं, ह्या जुन्या बंदुकीस घांसूनपुसून नवें रूप द्यावें, कीं ती आहे तशीच राहूं द्यावी?

बंदूक दुनळी, बारा बोराची, इंग्लंडांत बनलेली. माझ्या आजोबांनीं ती १९४७ सालीं मायदेशीं परतणाऱ्या एका अधिकाऱ्यापासून विकत घेतली, तेव्हांच ती बरीच जुनी होती. आमचें गांव सह्याद्रीच्या पायथ्याशीं. भात पोटरीस आलें कीं रानडुकरें उतरत आणि एका रात्रींत वर्षाचें अन्न तुडवून जात. म्हणून माळ्यावर बसून राखण करण्यासाठीं ही बंदूक. पुढें १९७२ सालीं वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि परवानगीवांचून रानडुकरें मारणें बंद झालें. तेव्हांपासून ती पेटींत पडून होती. वडिलांच्या पश्चात् ती मजकडे आली. बंदूक वारसाहक्कानें येते, परवाना मात्र येत नाहीं. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें त्यासाठीं निराळा अर्ज करावा लागतो. तो सोपस्कार पुरा होऊन ती घरीं आली तेव्हां तिची दशा पाहून मन खिन्न झालें. नळ्यांवर तांबूस गंज, अक्रोडाच्या दस्त्यावर काळवंडलेल्या तेलाचे थर, आणि दस्त्याच्या खालच्या टोंकाशीं अंगठ्याएवढा टवका उडालेला!

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हिला एकदां चांगली नवी करून घेऊं. आजोबांची वस्तु अशी दीनवाणी कां दिसावी?" मलाही तें पटलें. बंदुकीची दुरुस्ती करण्यासही सरकारी परवाना लागतो. म्हणून तसा परवाना असलेल्या एका वृद्ध कारागिराकडे आम्ही ती घेऊन गेलों.

त्यांनीं प्रथम बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करून घेतली. मग तेलाच्या बोळ्यानें नळीचा बोटभर भाग पुसला. गंजाखालून पाण्यावरील तरंगांसारख्या बारीक नागमोडी रेषा वर आल्या. ते म्हणाले, "ही दमास्कस नळी. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, गजाभोंवतीं गुंडाळीत आणि ठोकून सांधीत. ह्या रेषा म्हणजे त्या लोहाराच्या हातचें अक्षर आहे." नळ्यांच्या खालच्या बाजूस मुकुटाच्या लहान खुणा होत्या. बर्मिंगहॅम येथें १८१३ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या परीक्षागृहांत नळी अधिक भाराच्या बारानें पारखून घेत आणि ती टिकली तरच असा छाप मारीत.

"नवी करून द्याल काय?" भावानें विचारलें. "देईन," कारागीर म्हणाले, "पण काय जाईल तें आधीं ऐका. यंत्रावर घांसली कीं नक्षीच्या कडा बोथट होतील आणि हे छाप पुसट होतील. काळानिळा रंग चढविण्यासाठीं हल्लीं नळ्या उकळत्या क्षारांत बुडवितात. ह्या दोन नळ्या मऊ डाखानें जोडलेल्या आहेत, तो डाखच क्षार खाऊन टाकील. दस्त्यास काचकागद लावला तर लांकूड झिजून लोखंडाच्या खालीं बसेल. एकदां गेलेलें लांकूड परत येत नाहीं. हा टवका मात्र मी असा भरीन कीं, तुम्हांसही सांपडणार नाहीं."

तें शेवटचें वाक्य ऐकून मी थबकलों. कारण त्या टवक्याची हकीकत वडिलांनीं मला सांगितली होती. १९५६ च्या पावसाळ्यांतील एका अंधाऱ्या रात्रीं भातांत खसखस झाली आणि आजोबांनीं आवाजाच्या रोखानें बार टाकला. पडला तो शेजाऱ्याचा सुटलेला बैल. त्या क्षणीं उद्वेगानें त्यांनीं दस्ता बांधावरील दगडावर आपटला. उजाडतांच आपल्या जोडींतील एक बैल त्यांनीं शेजाऱ्याच्या दावणीस नेऊन बांधला, आणि पुढें दोन वर्षें स्वतः उसन्या बैलावर शेत केलें. टवका त्यांनीं कधीं भरला नाहीं. मुलांनीं विचारलें म्हणजे त्यावर बोट ठेवून इतकेंच म्हणत, "नीट दिसल्यावांचून चाप ओढूं नये."

त्या वर्षींच मी भर वर्गांत एका मुलास नक्कल केल्याबद्दल कठोर शब्दांनीं बोललों होतों. पुढें कळलें कीं, नक्कल त्याच्या शेजाऱ्यानें केली होती. मी वर्गासमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली खरी, पण तो प्रसंग लोकांच्या स्मरणांतून लवकर पुसला जावा अशीच माझी इच्छा होती. आजोबांनीं आपली चूक पुसली नव्हती. रोज हातास लागेल अशा जागीं राहूं दिली होती.

आम्ही कारागिरांस इतकेंच सांगितलें: गंज थांबवा, पण लांकडास व नक्षीस धक्का लावूं नका. त्यांनीं तेलानें व अति बारीक पोलादी लोकरीनें हलक्या हातानें गंज काढला, दस्त्याचा मळ पुसून जवसाच्या तेलाचा हात दिला. टवका तसाच ठेवला. ही बंदूक आतां चालविण्यासाठीं नाहीं. काळ्या दारूच्या काळांतील ह्या नळ्यांत आजचीं जोरकस काडतुसें घालणें जिवावर बेतेल, असेंही त्यांनीं बजावलें.

प्रत्येक जुनी वस्तु जशीच्या तशी ठेवावी असें माझें म्हणणें नाहीं. गळकें छप्पर शाकारावें, फाटलेलें पुस्तक बांधावें, गंज तर थांबवावाच. ती निगा होय. परंतु निगा राखणें निराळें आणि इतिहास खरवडून टाकणें निराळें. भावास प्रथम हें रुचलें नाहीं. परवां तो आपल्या मुलास घेऊन आला. मुलानें टवक्यावर बोट ठेवून विचारलें, "हें काय झालें?" मी उत्तर देणार तोंच भावानें त्यास जवळ घेतलें आणि बैलाची गोष्ट पहिल्यापासून सांगावयास आरंभ केला.