फियाटची रविवारची परेड

मित्रांनो, मुंबईच्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीचे चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिले असेलच. गोल दिव्यांची, बुटकीशी, जुन्या हिंदी सिनेमात हमखास दिसणारी. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली, तेव्हा कित्येक मोठ्या माणसांना हळहळ वाटली. आमच्या घरी मात्र सगळे एकमेकांकडे बघून हसले. कारण पुण्यात आमच्या अंगणात या पद्मिनीची थोरली बहीण उभी आहे, आणि ती अजून चालते!

ही थोरली बहीण म्हणजे फियाट ११००. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात ती तयार झाली. ही कंपनी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेली. याच गाडीला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले. चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे इंजिन. गिअरचा दांडा आजच्यासारखा खाली नाही, तर स्टिअरिंगच्या बाजूला. पुढची सीट बाकासारखी सलग, त्यामुळे पुढे तिघे बसत. लहानपणी मी आजी-आजोबांच्या मधे बसायचो, आणि त्या जागेवरून माझी आणि धाकट्या बहिणीची रोज भांडणे व्हायची.

आजोबांनी ही गाडी १९६९ मध्ये घेतली. पैसे आहेत म्हणून दुकानात गेलो आणि गाडी घेऊन आलो, असे तेव्हा नव्हते बरं का! नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. म्हणून आजोबा तिला फार जपत. पण १९९१ मध्ये काचबिंदूने त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी आपण होऊन गाडी चालवणे सोडले. बाबांची स्कूटर होती. गाडी अंगणात आंब्याखाली उभी राहिली.

जुलै १९९३ मध्ये मी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, म्हणजे एनडीएत दाखल झालो. तिथे तीन वर्षे, मग डेहराडूनच्या अकादमीत एक वर्ष, आणि त्यानंतर लष्करी अधिकारी. निघायच्या आदल्या रात्री बाबा म्हणाले, "आता ही गाडी काढून टाकू. चालवणारं कोणी नाही. उभी राहून सडेल, मग भंगारवालाच नेईल."

बाबांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मी आजोबांकडे पाहिले. ते काहीच बोलले नाहीत. फक्त खिशातली किल्ली काढून चाचपत बसले.

मी म्हटले, "बाबा, चार वर्षं द्या. मी सांभाळीन."

"तू? तू तर तिकडे असणार!"

"खडकवासला काही लांब नाही."

बाबा हसले. म्हणाले, "बघू. ज्या दिवशी सुरू होणार नाही, त्या दिवशी विकायची." झाला आमचा करार!

आता एनडीएत कॅडेटला गाडी ठेवता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. तिथले आमचे वाहन एकच, सायकल. वर्गात जायचे तरी सायकल, पोहायला जायचे तरी सायकल, आणि तीही रांगेत, शिस्तीत. काही चुकले की शिक्षा म्हणून तीच सायकल डोक्यावर उचलायची. पहाटेपासून पीटी, ड्रिल, घोडेस्वारी, शस्त्रांचे शिक्षण, शिवाय पदवीचा अभ्यास. रात्री बूट घासत बसायचे. बुटाच्या टोकात चेहरा दिसला पाहिजे म्हणजे दिसलाच पाहिजे!

सुरुवातीला बरेच दिवस बाहेर सोडत नाहीत. पुढे मात्र एखाद्या रविवारी बाहेर जायची परवानगी मिळू लागली. तिला आम्ही 'लिबर्टी' म्हणत असू. बाकीचे मित्र सिनेमाला आणि हॉटेलात जात. मी पांढरा शर्ट आणि टाय अशा वेषात घरी येऊन बॉनेट उघडत असे. आई आधी जेवायला बोलवायची. मी म्हणायचो, "आई, दहा मिनिटं!" आणि ती दहा मिनिटे दीड तासाची होत.

तुम्ही विचाराल, उभ्या गाडीला काय करायचे असते? चालवली तर झिजेल, उभी आहे तर उलट नवीच राहील, नाही का? मलाही तसेच वाटायचे. पण आजोबांनी मला खुर्चीत बसूनच सगळे शिकवले. गाडी उभी राहिली की बॅटरी हळूहळू उतरते. तिच्या टोकांवर पांढरा क्षार साचतो, तो पुसून व्हॅसलीन लावायचे. आतल्या पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. टायर एकाच जागी दबून बसतात, म्हणून गाडी थोडी पुढेमागे करायची. पेट्रोल जुने झाले की त्याचा चिकटा कार्बोरेटरच्या बारीक भोकात बसतो. ब्रेक गंजून आवळले जातात. उंदीर तर वायरी कुरतडायला टपलेलेच असतात! म्हणून आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायचे आणि चांगले गरम होईपर्यंत चालू ठेवायचे. तेही मोकळ्या हवेत, बंद खोलीत कधीच नाही, कारण गाडीचा धूर विषारी असतो.

आजोबांना नीट दिसत नसे, पण इंजिन सुरू झाले की ते मान तिरकी करून ऐकत. "थांब. एक सिलिंडर खोकतोय. प्लग काढून बघ." मी प्लग काढला की तो खरोखरच काजळीने काळा झालेला असायचा. तो पुसून लावला की आवाज एकसारखा येई आणि आजोबांचा चेहरा खुलत असे. तेव्हा माझ्या लक्षात आले, आपण नुसती गाडी सांभाळत नाही आहोत. आठवड्यातून एकदा आजोबांना पुन्हा डोळे मिळत होते.

पण सैन्याचे प्रशिक्षण म्हणजे काही दर रविवारची सुट्टी नव्हे. कधी कॅम्प, कधी परीक्षा, कधी सिंहगडावर धावत जाऊन यायची शिक्षा! महिना-महिना घरी जाणे होत नसे. अशाच एका खंडानंतर मी घरी आलो. मनात धाकधूक होती. किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्याच फटक्यात सुरू!

मागे बहीण उभी होती. तिच्या हातात शंभर पानी वही. तेव्हा ती बारा वर्षांची होती. वहीत तारखा घातलेल्या: 'रविवार. बॅटरी पुसली. इंजिन पंधरा मिनिटे चालू. मागच्या डाव्या चाकात हवा कमी. आजोबा म्हणाले, आवाज ठीक.' गिअर न्यूट्रलमध्ये आहे, हँडब्रेक ओढलेला आहे, हे बघायला बाबा शेजारी उभे राहत. होय, तेच बाबा! आणि टायर दबू नयेत म्हणून गल्लीतली चार-पाच मुले जमवून ती गाडी ढकलून पुढेमागे करवत असे. सुमारे नऊशे किलोचे ते धूड ढकलायला मुले एका पायावर तयार असत, कारण त्यानंतर आजीच्या हातचे पोहे मिळत.

अठरा पूर्ण झाल्यावर एका सुट्टीत मी लायसन्स काढले. पहिली फेरी आजोबांना शेजारी बसवून खडकवासला धरणापर्यंत. वाटेत ते आवाजावरूनच सांगत होते, "आता तिसरा टाक. आता चढ आला, दुसरा." रस्ता त्यांना पाठ होता.

१९९६ च्या उन्हाळ्यात मी डेहराडूनला गेलो. आता पुणे शेकडो कोस दूर, रविवारची लिबर्टी काही कामाची नव्हती. तिथल्या सभागृहात, १९३२ मध्ये अकादमीच्या उद्घाटनाला सर फिलिप चेटवुड यांनी सांगितलेली शिकवण लिहिलेली आहे. तिचा अर्थ असा की आधी देश, मग तुमच्या हाताखालचे जवान, आणि तुमची स्वतःची सोय सगळ्यात शेवटी. ती वाचताना मला हटकून ती वही आठवायची.

त्याच वर्षी एक नवे संकट उभे राहिले. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या खासगी गाडीची दर पाच वर्षांनी आरटीओत तपासणी होऊन नोंदणी पुन्हा करून घ्यावी लागते. आपण त्याला पासिंग म्हणतो. आमच्या फियाटचे पासिंग नेमके त्या हिवाळ्यात आले. मी डेहराडूनच्या थंडीत पाठीवर ओझे घेऊन डोंगर चढत होतो, आणि इकडे गाडीचा निकाल लागणार होता. पास झाली नाही, तर बाबांचा करार होताच.

पंधरा दिवसांनी बहिणीचे आंतर्देशीय पत्र आले. 'दादा, ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढत होती. आजोबा म्हणाले, एका चाकाचा ब्रेक नीट धरत नाही. मेकॅनिककाकांनी उघडलं तर तसंच निघालं. बाबांनी स्वतः पैसे दिले आणि रजा काढून आरटीओत गाडी नेली. साहेबांनी हॉर्न, दिवे, ब्रेक सगळं बघितलं आणि विचारलं, कुणाची गाडी? बाबा म्हणाले, आमची. पास झाली!'

त्या पत्रातला 'आमची' हा शब्द मी किती वेळा वाचला असेन, सांगता येत नाही.

जून १९९७ मध्ये मी अधिकारी झालो. पुढे फौजेत गेल्यावर पाहिले की तिथेही गाड्यांची परेड असते. गाडी बाहेर काढण्याआधी तपासणी, वाटेत थांबल्यावर तपासणी, आणि काम संपवून आल्यावर पुन्हा तपासणी. ड्रायव्हर कितीही दमलेला असो, आधी गाडी, मग आपले जेवण. घोडेस्वारीच्या तबेल्यात आम्हाला हेच शिकवले होते, आधी घोडा. एका नवख्या जवानाने मला विचारले, "साहेब, रोज रोज तेच का बघायचं?" मी त्याला आमच्या वहीची गोष्ट सांगितली.

माझी पहिली नेमणूक दूर डोंगरात झाली. आता मला गाडी ठेवायला कुणाची ना नव्हती. सगळ्यांना वाटले, मी फियाट घेऊन जाणार. पण जिने तारखा घालून तिला जिवंत ठेवले, तिची ती गाडी. मी किल्ली बहिणीच्या हातावर ठेवली. म्हणाली, "पण मला अजून लायसन्स कुठंय?" आजोबा म्हणाले, "गाडी थांबेल. तिला सवय आहे." २००० मध्ये तिने लायसन्स काढले आणि आजोबांना फिरवून आणले. २००३ मध्ये आजोबा गेले. शेवटपर्यंत रविवारचा तो आवाज त्यांनी चुकवला नाही.

लहानपणी बहीण मला विचारायची, "मला का नाही रे एनडीएत येता येणार?" तेव्हा मुलींना तिथे प्रवेशच नव्हता. २०२२ मध्ये तो मिळाला, आणि मे २०२५ मध्ये १७ मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. त्या दिवशी तिचा मला फोन आला. म्हणाली, "दादा, बघितलंस? यातल्या एखादीच्या घरीही अशी वही असेल बघ!"

तिची वही आता नववी चालू आहे. आतल्या नोंदी मात्र तशाच आहेत: बॅटरी पुसली, हवा बघितली, आवाज ठीक.

मित्रांनो, तुमच्याही घरी आजीचे शिवणयंत्र असेल, किल्लीचे घड्याळ असेल, नाहीतर माळ्यावर पडलेली बाबांची सायकल असेल. या रविवारी ती वस्तू खाली काढा, पुसा, तेल घाला. आणि हो, एक वही घेऊन तारीख टाकायला विसरू नका हं!